किरकोळ सुधारणा

माझी धाकटी बहीण ज्या कंपनीत नोकरी करते, तिथे तिला 'मलम' म्हणतात. हे नाव तिच्या तोंडावर घेतले जाते आणि तिला ते आवडते. कंपनी गोळ्यांच्या डब्या बनवते. विजेवर चालणाऱ्या, पोटात घड्याळ असलेल्या, वेळ झाली की घंटा वाजवून त्या वेळच्या गोळ्या खालच्या वाटीत टाकणाऱ्या. अशा डबीत काही बिघडले आणि मग ते दुरुस्त झाले, तर ग्राहकांना काय कळवायचे आणि कोणत्या शब्दांत कळवायचे, यावरून शेवटचा हात फिरतो तो तिचा. जखम कंपनीने करायची आणि धाकटीने हलक्या बोटाने तिच्यावर काहीतरी लावायचे, अशी ही कामाची वाटणी आहे.

गुण उपजतच म्हणायचा. लहानपणी घरात काही फुटले-तुटले की बाबांना सांगायला तिलाच पुढे करत असू. एकदा कपाटाचा आरसा तडकला, तेव्हा तिने बाबांना सांगितले होते की आता आरशात दोघांना एकदम भांग पाडता येईल. बाबा हसले आणि सगळ्यांचा मार वाचला. तेव्हापासून मी तिची ऋणी आहे, आणि तेव्हापासूनच तिचे कोणतेही वाक्य मी उलटून पाहिल्याशिवाय घेत नाही.

साहित्य घेऊन ती एम.ए. झाली. काही वर्षे एका मासिकाची मुद्रिते तपासली. मासिक बंद पडल्यावर या कंपनीत शिरली. लग्न केले नाही. नातेवाइकांनी विचारले की गंभीर चेहऱ्याने सांगते, "विषय विचाराधीन आहे." माझ्या तक्रारी करण्याच्या सवयीवर तिचा ठरलेला टोमणा आहे: ताईच्या पर्समध्ये रुमाल सापडणार नाही, पण तक्रारअर्ज नक्की सापडेल. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. नागरिकाने तक्रार करावी असे मुलांना शिकवायचे आणि स्वतः गप्प बसायचे, हे मला जमलेले नाही.

तिच्या कार्यालयात मी एकदा दुपारभर बसले आहे. पावलांचा आवाज गिळणारा गालिचा, काचेच्या खोल्या, रोज पाने पुसलेली कुंडीतली झाडे. तिथे बिघाडाची बातमी टेबलावरून टेबलावर प्रवास करते. मशीनवाले काय झाले ते लिहितात. ते वकीलबाईंकडे जाते. त्या कंपनीला अडचणीत आणील असा प्रत्येक शब्द खोडतात. मग विक्रीवाले साहेब. ते गिऱ्हाईक बिचकेल असा प्रत्येक शब्द खोडतात. उरलेले धाकटीकडे येते आणि ती त्याचे वाक्य करते. 'बिघाड' हा शब्द त्या इमारतीत कोणी उच्चारत नाही. तिथे 'अनपेक्षित वर्तन' असते, जणू डबीने पाहुण्यांसमोर उद्धटपणा केला. खेद चालतो, क्षमा चालत नाही. क्षमा मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखे होते, असे वकीलबाईंचे मत. आणि दुरुस्तीची बातमी कधीही एकटी पाठवायची नाही, असा तिथला रिवाज आहे. तिच्यापुढे एखादी गोड बातमी उभी करायची आणि नकोशा नातलगाला मागच्या रांगेत बसवावे तशी ही मागे बसवायची.

मी तिला विचारले होते, "मुळात काय बिघडलं होतं, ते तुला तरी माहीत असतं का?"

"माझ्यापर्यंत येतं तेवढं असतं," ती म्हणाली आणि झाडाच्या पानावरची न दिसणारी धूळ पुसू लागली.

आता आईविषयी सांगायला हवे. आईने जन्मभर शिवणकाम केले. बाबांच्या मागे ती एकटी राहते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी शिलाईचे मशीन, खिडकीबाहेर चपला शिवणाऱ्याची टपरी. दिवसभर दोघांच्या सुया चालू आणि गप्पाही चालू. रक्तदाब वाढल्यावर मी तिला माझ्याकडे ये म्हटले. तिने मान हलवली. म्हणाली, तुझ्याकडे मी पाहुणी, इथे मालकीण. शेवटी असे ठरले की गोळ्या वेळेवर पोटात जात असतील तोवर तिने तिथे राहावे. चुकायला लागल्या की बिऱ्हाड उचलून माझ्या तिसऱ्या मजल्यावर यावे. हे ठरल्यावर धाकटीने कंपनीची एक डबी आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवली. आईचे एकटे राहणे त्या दिवसापासून त्या डबीवर अवलंबून राहिले.

"माणसं विसरतात, आई," धाकटी म्हणाली होती. "ही विसरत नाही."

काही महिने सुरळीत गेले. मग आईला सकाळी उशिरा गरगरू लागले. एकदा ती ओट्याला धरून खालीच बसली, आणि चपलावाल्याने खिडकीतून हाका मारल्या तेव्हा कुठे तिने ओ दिली. रक्तदाब फार खाली गेला होता. आईचे म्हणणे सरळ होते: डबी कधीकधी सकाळच्या गोळ्या दोनदा देते, दिवे जाऊन आले की देते. तिने दिल्या म्हणून मी घेते; ती विसरत नाही ना?

धाकटी हसली. आईचा हात हातात घेऊन तिने समजावले की डबी असे करूच शकत नाही; तू घेतेस, विसरतेस आणि डबी उघडून पुन्हा घेतेस. तिच्या आवाजात इतकी माया होती की मला तिथेच शंका यायला हवी होती.

त्याच सुमारास डबीच्या स्क्रीनवर एक निरोप आला: आता सहा नव्या सुरावटी, शिवाय मोठी अक्षरे आणि वेळेच्या नोंदीत किरकोळ सुधारणा, आपल्या सोयीनुसार अपडेट करा. आईला जुनी घंटा आवडत होती. तिने धाकटीला फोन करून विचारले. धाकटीने सांगितले, सुरावटींचेच आहे ते, राहू दे. आईने 'नंतर' दाबले. निरोप पुन्हा पुन्हा येत राहिला आणि आई दर वेळी 'नंतर' दाबत राहिली.

मी रीतसर तक्रार केली. उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी अभिप्राय दिलाच नव्हता. पुन्हा लिहिले. या वेळी कळवण्यात आले की वयोमानानुसार काही वापरकर्त्यांना गोळी घेतल्याचे स्मरण राहत नाही, तरी जवळच्या व्यक्तीने लक्ष ठेवावे. हे वाक्य कोणाचे, असे मी धाकटीला विचारले. ती म्हणाली, ठरलेला मजकूर आहे, आपोआप जातो. मी म्हटले, आपोआप जात असेल, पण आपोआप लिहिला गेला नसेल. यावर ती चहात चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

त्या वाक्याने पुढे आपले काम चोख केले. डॉक्टरांनी आईला घड्याळाचे चित्र काढायला लावले, आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. घड्याळ तिने गोल, नीटस काढले, कापडावर आखावे तसे. तारीख मात्र चुकली. डॉक्टरांनी कागदावर 'स्मरणशक्ती निरीक्षणाखाली' असे लिहिले. आईने ते वाचले आणि ती स्वतःलाच चाचपून पाहू लागली. गोळ्या घेतल्या की ओट्याच्या कडेला शिंप्याच्या खडूने एक रेघ मारायची, असे तिने सुरू केले. काही सकाळी दोन रेघा असत. आपले म्हणणे सिद्ध झाले असे तिला वाटले, धाकटीने त्याच रेघांवर बोट ठेवून म्हटले, "बघ, तूच लिहून ठेवलं आहेस." त्यानंतर आईने वाद घातला नाही. माझ्याकडे यायला तयार झाली. शिलाईचे मशीन माझ्या घरात मावणार नव्हते, ते चपलावाल्याला द्यायचे ठरले.

सामान बांधायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा दुपार झाली होती. धाकटी ओटा आवरत होती. तिने डबीचा प्लग काढला, वायर गुंडाळली. आई म्हणाली, अजून दुपारच्या गोळ्या व्हायच्यात, आत्ताच कशाला बांधतेस. धाकटीने वायर सोडली आणि प्लग परत लावला.

डबी उजळली. घंटा वाजली. स्क्रीनवर अक्षरे आली की सकाळची वेळ झाली आहे. आतली चकती फिरली आणि सकाळच्या गोळ्या वाटीत पडल्या. बाहेर ऊन पार भिंतीवर चढले होते.

आईने वाटी उचलली, धाकटीपुढे धरली आणि विचारले, "घेऊ?"

धाकटीने वाटी काढून घेतली. मग तिने कार्यालयात मशीनवाल्याला फोन लावला, आणि मी तिच्या हातून फोन घेऊन त्याचा आवाज मोठा केला. तो गृहस्थ मोकळेपणाने बोलला. हो, वीज गेली की घड्याळ मागे जायचे आणि डबी पुन्हा सकाळपासून सुरू करायची. पण ते तर मागेच दुरुस्त झाले. कधी? त्या सुरावटींबरोबरच पाठवले ना. "मॅडम, तुम्हीच तर लिहिलंत ते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्याला खरेच नवल वाटले होते.

फोन बंद झाल्यावर मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"माझ्याकडे 'वेळेच्या नोंदीत सुधारणा' एवढंच आलं होतं, ताई."

"आणि 'किरकोळ'?"

आई मध्ये पडली. "तो शब्द तिचाच असणार," ती म्हणाली. "शेवटचा टाका नेहमी हीच घालते."

धाकटीला खरोखर माहीत नव्हते की माहीत करून घ्यायचे नव्हते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. तिच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिने स्वतःच्या आईलाही तोच सल्ला दिला, जो हजारो अनोळखी लोकांना दिला होता. इतरांना फसवणारा मनुष्य निदान घरच्यांना तरी सावध करतो. तिने ते केले नाही, म्हणजे स्वतःच्या वाक्यावर तिचा विश्वास होता. मला यातून दिलासा मिळायला हवा, मिळत नाही. आपले मलम आपणच खाऊन बसलेल्या माणसाला काय म्हणावे?

बांधलेले सामान आम्ही सोडले. मी डॉक्टरांकडे गेले आणि तो शेरा काढा म्हणून सांगितले. त्यांनी सांगितले की लिहिलेले काढता येत नाही, खाली पुरवणी जोडता येईल. ते प्रकरण मी सोडलेले नाही.

धाकटी दुसऱ्या दिवशी कार्यालयात साधी वाक्ये घेऊन गेली: वीज जाऊन आली तर ही डबी दिलेल्याच वेळच्या गोळ्या पुन्हा देते, अपडेट होईपर्यंत ती वापरू नका, आपल्या घरचे वृद्ध माणूस विसरत नसेल, डबी चुकत असेल. वाक्ये टेबलांवरून फिरली. वकीलबाईंनी तिला बसवून घेऊन विचारले, बरे नाही का. विक्रीवाले साहेब म्हणाले, मलमच झोंबायला लागलं तर कसं चालायचं. सगळे हसले, तीही हसली, असे तिनेच सांगितले. अखेर ग्राहकांना जो निरोप गेला, त्यात डबी आता अधिक विश्वासार्ह झाली होती आणि 'सोयीनुसार'च्या जागी 'लवकर' आले होते. एवढा एक शब्द तिने मिळवला. मी तिचे अभिनंदन केले. ते तिला लागावे अशा बेतानेच केले आणि ते लागले.

चार दिवसांनी संध्याकाळी ती आईकडे आली. मी तिथेच होते. शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर ती बसली आणि मोबाइलवर तिने काही क्रमांक काढले. डबी दोनदा गोळ्या देते असे ज्यांनी ज्यांनी कळवले होते आणि ज्यांना वयोमानाचे उत्तर गेले होते, त्यांचे ते क्रमांक. असे घरून फोन करणे नियमात बसत नाही, कळले तर नोकरी जाईल, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकले. कोणाला सांगितले, कोण जाणे, बहुधा मला. हे पश्चात्तापाने चालले आहे की मी समोर बसले आहे म्हणून, याचा मी विचार करत होते. ती उठून निघून गेली असती, तरी मला नवल वाटले नसते.

पहिला फोन एका माणसाने उचलला. धाकटीने कंपनीचे नाव सांगितले आणि तिचा कार्यालयातला आवाज सुरू झाला, मऊ, तुपासारखा: आपण कळवलेल्या अनुभवाच्या संदर्भात, कदाचित आपल्या डबीच्या बाबतीत...

"कदाचित कशाला?" आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. मान वर केली नाही.

धाकटी थांबली. पलीकडचा माणूस बोलत होता. त्याने सांगितले की आता तक्रार राहिलेली नाही. त्याच्या आईला भ्रम होतो आहे हे डॉक्टरांनीही सांगितले. तिचे घर बंद करून तिला गेल्या आठवड्यात त्याच्या बहिणीकडे ठेवले आहे. डबीही तिच्याबरोबर दिली आहे. बहीण नोकरी करते, दिवसभर घरी कोणी नसते, तेव्हा डबीचा आधार वाटतो.

धाकटीचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"बहिणीला आत्ताच्या आत्ता फोन करा," ती म्हणाली. "डबीचा प्लग काढायला सांगा आणि परत लावू नका म्हणावं. तुमची आई विसरत नाहीये. आमची डबी चुकतेय. मी फोन धरून ठेवते, तुम्ही आधी तिला सांगा."