इथे न चालणारं तिकीट

मी शारजाला निघाले त्या सकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या हातात दहा पाकिटं दिली. प्रत्येकावर त्यांनी स्वतः घरचा पत्ता लिहिला होता आणि भाताच्या शितांनी तिकीट चिकटवलं होतं. मी चौथी शिकलेली, पत्ता चुकवेन अशी त्यांना भीती. म्हणाले, "बायो, जास्त लिहू नको. 'पोचले' एवढंच लिही नि टाक." आई रडत होती. बाबा गाडी हलेपर्यंत पाकिटं कुठे ठेवायची तेच सांगत होते.

शारजात आमचे हे औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात कामाला. एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये चादर. दुसऱ्याच दिवशी मी 'पोचले' लिहून पेटीत टाकलं. उत्तर नाही. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं. दोन महिन्यांनी गावचा एक खलाशी खोर फक्कानला जहाजावरून उतरला, आमची खोली शोधत आला आणि दारातूनच म्हणाला, "जिवंत हायस ना? तुझा बाप रोज पोस्टमनला अडवतोय. लांब दिली म्हणून पोरगी रागावली, असं धरून बसलाय."

ह्यांनी उरलेली पाकिटं बघितली आणि कपाळावर हात मारला. भारताचं तिकीट इथे चालत नाही. बाबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ती तीन पत्रं कुठे गेली ते आजवर कळलं नाही.

आता मी दुबईत मुलाकडे असते, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. लिफ्ट आहे, एसी आहे, शेजारी कोण ते माहीत नाही. मुलगा अमेरिकेत नोकरीला होता तेव्हा तिथे जन्मलेली माझी नात सना, म्हणून तिला तिकडे मताचा हक्क आहे. गेल्या निवडणुकीत तिची मतपत्रिका मुलाच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आली. तिचं पहिलंच मत. चार दिवस वाचत बसली, खूण केली, पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

"तिकीट कुठाय?" मी विचारलं.

"दादी, इट्स प्रीपेड. त्यांनीच पैसे भरलेत."

"कुठल्या देशात चालतं?"

"दादी, प्लीज! आय अ‍ॅम लेट."

"बारीक अक्षरं वाच. मग जा."

तिने वाचलं. पाकीट अमेरिकेतून टाकलं तरच फुकट. पोरीचा चेहरा उतरला. मग मी तिला माझ्या तीन पत्रांचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "यल्ला दादी, चल," आणि मला घेऊनच पोस्टात गेली. खिडकीवर इथलं तिकीट लावून घेतलं. दिवस थोडे उरले होते. पाकीट पोचलं का ते ती रोज फोनवर बघायची. मी बांगडे साफ करत होते तेव्हा ओरडत स्वयंपाकघरात आली, "दादी, इट रीच्ड!" मी भरल्या हातांनी तशीच उभी राहिले. बाबांना असं कुणी ओरडून सांगितलं नाही.

यंदा गावी गेले. बाबा नाहीत, आई नाही. भावाच्या सुनेने चहा दिला, पाहुण्याला देतात तसा, बशीत बिस्किटं ठेवून. पडवीत बसले आणि फोन वाजला. सनाने इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलं होतं, "दादी, पोचलीस?"

मी लिहिलं, "पोचले."

गावचे आणि इथले सगळे मला विचारतात, तुझं घर कुठलं? 'पोचलीस?' असं विचारणारं माणूस जिथे असतं, ते. पूर्वी ते गावात होतं. आता दुबईत आहे.