निकालाआधी वाटलेले पेढे

रविवार, चौदा डिसेंबर, सकाळी साडेदहा. हजर: मी, आमचे हे, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि खैरलांजीहून पहिल्या बसने आलेली माझी मोठी बहीण व भाऊजी. विषय एकच: ताईची किडनी मला चालेल का?

चार वर्षांपासून माझा आठवडा डायलिसिसच्या तीन दिवसांभोवती बांधलेला आहे. वजन, औषधं, किती पाणी प्यायले, सगळं वहीत असतं. काल नागपूरहून डॉक्टरांचा फोन आला, तोही उतरवून घेतला होता. तेच वाचून दाखवलं: पहिली तपासणी चांगली आली, दोन बाकी आहेत, शुक्रवारी कळेल, तोवर काही धरून चालू नका. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

ताई उठून उभीच राहिली. "लहानपनी माह्याच ताटातलं खाये हे. आता किडनीबी माहीच पाह्यजे हिले!"

"अजून पक्कं नाही, ताई."

"हौ, आयकलं ना दोनदा."

मी नियम घातला: शुक्रवारपर्यंत घराबाहेर कोणाला सांगायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. वहीत शुक्रवारखाली मी इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला.

भाऊजी पान खाऊन येतो म्हणून बाहेर पडले. अर्ध्या तासाने शेजारच्या काकू हातात पेढा घेऊन आल्या आणि त्यांनी थेट माझ्या मुलीचा गालगुच्चा घेतला. "बाई, कळू बी देल्लं नाही! पोरगा काय करते?"

"आंटी, कौन सा लड़का?" मुलीनं तिच्या कॉलेजातल्या हिंदीत विचारलं.

मागे भाऊजी, पेढ्यांचा रिकामा डबा घेऊन. "मी एक शब्द बोललो नाही. इचारलं तं म्हनलं, शुक्रवारी सांगू."

सोयरीक ठरली की आमच्याकडे असेच मुलीचे मावसा पेढे वाटत फिरतात. बाकीचं गल्लीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"आता पेढे वापस मांगाले जाता का?" ह्यांनी विचारलं.

मी रागवायला गेले आणि हसत सुटले. काकूंना बसवून सगळं खरं सांगितलं, न कळलेलं न कळलेलं म्हणूनच. पण आवाज काही आवरेना. स्वतःचंच लग्न ठरल्यासारखी बोलत होते. काकूंनी पेढा माझ्या तोंडाशी आणला. पथ्य म्हणून चिमूटभरच घेतला.

"तुह्या आईले मालूम हाये?" काकूंनी विचारलं.

आई खैरलांजीला भावाकडे असते. ताईच्या तपासण्या चालल्यात हेसुद्धा तिला सांगितलेलं नाही. एका लेकीसाठी ती देवापुढे साखर ठेवेल आणि दुसरीसाठी त्याच क्षणी घाबरेल. म्हणून ते शुक्रवारनंतरवर ढकललं होतं.

"माही नणंद आत्ताच खैरलांजीच्या बसमधी बसली," काकू म्हणाल्या. "पेढा खाऊनच गेली."

म्हणजे दोनपर्यंत आईला नातीचं लग्न ठरल्याचं कळणार. त्याआधी खरं सांगायला हवं. ताईनं फोन माझ्या हातात दिला, मी तिच्या. "चांगली बातमी आहे, पण अजून पक्की नाही," एवढं पहिलं वाक्य ठरलं. ताईच्या ऑपरेशनचं दुसरं वाक्य तीनदा लिहून खोडलं.

आता साडेबारा झालेत. आईला फोन लावायचा राहिलाय.