पारडी बदलून पाहिली

आयुष्यभर तराजू दुरुस्त केलेल्या माणसाला सगळं जग एका बाजूला झुकलेलं दिसतं. काटेवाल्याचंही तसंच झालं होतं.

दुकानामागची खोली विकून त्याच्या हाती बरी रक्कम आली. घरावरचं कर्ज मात्र अजून सात वर्षांचं होतं. जावई म्हणे, पैसे गुंतवा, कर्जाच्या व्याजापेक्षा चार पैसे जास्तच सुटतील. बायको म्हणे, आधी घर मोकळं करा. काटेवाल्याला दोघांचाही संशय. जावयाला यात दलाली मिळत असणार. बायकोला तिच्या भावाने पढवलं असणार. आणि बँकेतली बाई, एरवी मान वर न करणारी, हल्ली बसायला खुर्ची देऊन कर्ज फेडून टाका म्हणते ती काय उगाच?

खोटा तराजू ओळखायची त्याची एक रीत होती. माल आणि वजन यांची पारडी बदलायची. खरा काटा हलत नाही, खोटा चुगली करतो. तेच त्याने माणसांवर चालवलं. जावयाला सांगितलं, कर्ज फेडतोय. जावई म्हणाला, उत्तम केलंत बाबा, डोक्याचा ताप गेला. बँकेत सांगितलं, फेडत नाही, गुंतवतोय. बाईने तत्परतेने खणातून गुंतवणुकीचं रंगीत पत्रक काढलं. दोघेही वाऱ्याप्रमाणे फिरले.

उरली बायको. ती शर्टाला बटण लावत होती.

"गुंतवले पैसे," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

"मग उद्या तुमचं काही झालं तर हप्ता कोण भरणार? मी? काटे दुरुस्त करून?"

"हे तुला भावाने शिकवलं ना?"

तिने दोरा तोडला. "आपल्यावर कर्ज आहे हे भावाला ठाऊकच नाही. नऊ वर्षं लपवलंय मी. लाज वाटते."

काटेवाला खाली बघत राहिला. मग त्याने कबूल केलं की पैसे अजून तसेच आहेत, तो नुसतं पारखत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कर्ज फेडलं. पुढच्या आठवड्यात बँकेने घराचे कागद परत दिले. त्याने तिथेच उभं राहून पानन् पान दोनदा मोजलं. घरी येताच बायकोने ते कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"किल्ली दे की इकडे."

"राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा?"