मशीनचा हात काहून उठून नाही राहिला

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आहे, कारण माझ्या लेकीचं, चिऊचं, नऊचं औषध द्यायला मला दहा मिनिटं उशीर झाला होता आणि तो उशीर मला अजून टोचतो. त्याआधी माझ्याजवळ मशीनचा एकही किस्सा नव्हता. आता इतके झाले की विचारू नका. वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कोणी जमवत नाही, आपोआप जमतात. एक जुने नटबोल्ट, दुसरे किस्से. नटबोल्टांना डबा असतो. किश्शांना काही नाही, म्हणून वहीत लिहून राहिली.

आमचं वर्कशॉप म्हणजे तिलवाऱ्याच्या रोडवर एक टिनाचं शेड. माझे मिस्टर तिथं छोटे लोडर दुरुस्त करतात. छोटा लोडर म्हणजे चार चाकाची ठेंगणी मशीन, ड्रायव्हर जाळीच्या पिंजऱ्यात बसतो, त्याच्या दोन्ही कानांजवळून दोन लोखंडी हात पुढं जातात आणि त्या हातांना समोर माती उचलायची बकेट असते. हात तेलाच्या दाबानं वर-खाली होतात. शंभरातल्या नव्वद जणांची तक्रार एकच, हात उठून नाही राहिला. आणि तो का उठत नाही हे पाहायला माझे मिस्टर त्याच हातांच्या खाली शिरतात. मला दिवसभर दुसरी काही काळजी नसते. म्हणजे चिऊची असते, पण तिची तर झोपेतही असते.

*

तर त्या सोमवारी मी डबा द्यायला आली होती, कडेवर चिऊ, दीड वर्षाची. मिस्टर मशीनखाली, हात कोपरापर्यंत तेलात, आणि फोन वाजून राहिला. ते खालून म्हणाले, "उचल ना."

पलीकडून एक भैया, इकडं सगळे हिंदीच बोलतात. "मशीन हाथ नहीं उठा रही."

मी सातवी शिकलेली. मशीनबद्दल काय विचारतात मला काय माहीत? आजारी पडल्यावर काय विचारतात ते तेवढं माहीत होतं. तेच विचारलं. कब से? कल से. एक हाथ या दोनों? दोनों. चल-फिर रही है? चल तो रही है. आवाज़? हाँ, रोती है. मग माझ्या तोंडून निघालं, "कल क्या खाया था?"

भैयानं तिकडं कोणाला तरी विचारलं. मग म्हणाला, "कल ही नया तेल डलवाया है."

मिस्टर मशीनखालून बाहेर आले. म्हणाले, त्याला सांग टाकीच्या खालच्या पाइपाची क्लिप बघ, तेल बदलताना ढिली राहिली असेल, हवा ओढून राहिली, म्हणून रडते. अर्ध्या तासानं भैयाचा फोन आला, उठले हात.

मिस्टरांनी विचारलं, "हे प्रश्न तुला कोणी शिकवले?"

"चिऊच्या डॉक्टरनं."

तेव्हापासून वर्कशॉपचा फोन माझ्याकडं आहे.

*

कांचघर मोहल्ल्यात एका ठेकेदाराची मशीन अडली होती. त्याच दिवशी तिकडं चिऊची लस होती, म्हणून मी पण मोटरसायकलवर मागं बसून गेली. तिथं आधीच दोन मेकॅनिक होते. मिस्टर तिसरे. मशीन चालू होत होती, पण हात ढिम्म. फिल्टर खोलला. वायरी पाहिल्या. पहिला मेकॅनिक म्हणे पंप, दुसरा म्हणे वॉल्व्ह. आमचे म्हणाले, थांबा. म्हणजे त्यांनाही काही सुचत नव्हतं. ते "थांबा" म्हणाले की मी ओळखते.

चिऊ लसीमुळं किरकिर करून राहिली होती. ऑपरेटर बिचारा चांगला माणूस. त्यानं पिंजऱ्यात लटकवलेली आपली थैली काढली, डब्यातली एक पुरी तिच्या हातात दिली आणि मशीन जरा सावलीत घेतो म्हणून परत बसला. बसला, समोरचा दांडा मांडीवर ओढला, सवयीनं लिव्हर दाबला, आणि हात वर.

त्या मशीनमध्ये जत्रेतल्या पाळण्यात मांडीवर येतो तसा एक दांडा असतो. तो पूर्ण खाली आल्याशिवाय मशीन हात उचलतच नाही. ड्रायव्हर सीटवर नसला तर हात हलू नये म्हणून केलेलं असतं. थैली त्या दांड्याच्या सांध्यावर लटकवली होती. दांडा दोन बोटं वरच राहत होता.

तिघं मेकॅनिक चिऊच्या हातातल्या पुरीकडं पाहत राहिले.

परतताना मिस्टर म्हणाले, घरी बाबांना सांगू नको. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं.

*

बाबा म्हणजे माझे सासरे. कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले, आता गढा भागातल्या आमच्या घरातून रोज शेडवर येऊन बसतात. काम करत नाहीत, पण काम चुकलं तर त्यांना लगेच कळतं.

दुबेजी म्हणून एक गिऱ्हाईक, त्यांचा फोन आला तेव्हा ते माझ्या बाजूलाच होते. दुबेजी एका लग्नाच्या बारातीला निघाले होते, पांढराशुभ्र कुर्ता घालून. जाता जाता मशीनवर नजर टाकली तर तेलाच्या काचेत तेलच दिसेना. मिस्टर बाहेर गेले होते, मी म्हटलं, रुको भैया, इनको आने दो. ते म्हणाले, तेल ही तो डालना है भाभीजी, इसमें क्या.

अख्खा डबा ओतला. आणि मग हात खाली घेतले. कारण तोवर हात वर होते.

बाबांनी मला नंतर समजावलं. हात वर असले की तेल हात उचलणाऱ्या दोन सिलिंडरमध्ये असतं. हात खाली आले की ते सारं परत टाकीत येतं. टाकीत तर दुबेजींनी जागाच ठेवली नव्हती. झाकणातून कारंजं उडालं आणि दुबेजी वाकून पाहून राहिले होते.

दहा मिनिटांनी परत फोन. आवाज एकदम नरम. "भाभीजी, कपड़े से तेल कैसे निकलता है?"

त्यांना बेसन चोळायला सांगितलं. आणि माझ्या प्रश्नांत एक वाढवला. तेल पाहिलं तेव्हा हात खाली होते का?

*

एका डेअरीची मशीन सकाळी ठणठणीत, बारापर्यंत सुस्त, दोन वाजता शेणाची अर्धी बकेट पण उचलेना. ऑपरेटरचं म्हणणं असं की दुपारी म्हैसपण पाण्यात जाऊन बसते, मशीनचं काय चुकलं?

मिस्टरांना तेल किती तापतं ते पाहायचं होतं. तापमान पाहायचं त्यांचं यंत्र बिघडलं होतं. त्यांनी माझ्या पिशवीतून चिऊचा थर्मामीटर काढला, मला न विचारता, आणि टाकीला लावला. त्यावर एक इंग्रजी अक्षर आलं आणि ते कायमचं तिथंच राहिलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलली नाही.

कारण काही मोठं नव्हतं. तेल थंड करायची जाळी असते, ती भुशानं भरून गादीसारखी झाली होती. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की हातात जोर नाही. भुसा झाडला, जाळी धुतली, मशीन दिवसभर चालली.

महिन्यानं मी फोन करून विचारलं, कशी आहे? ऑपरेटर म्हणाला, "अब तो दीदी, भैंस से पहले उसी को नहलाते हैं."

नवा थर्मामीटर आता पिठाच्या डब्यात असतो. मिस्टर तिथं हात घालत नाहीत.

*

हे हसायचं झालं. पण मी सांगितलं ना, माझा जीव कुठं अडकलेला असतो ते.

हात वर करून खाली काम करायचं असलं तर एक लाल लोखंडी पट्टा मिळतो, मशीनसोबतच येतो. तो सिलिंडरमधून निघालेल्या दांडीवर चढवला की हात खाली येऊच शकत नाही. त्याला लॉक म्हणतात. आणि सगळ्या मशीनवर तो कोपऱ्यात नवाकोरा पडलेला असतो, कारण लावायला दोन मिनिटं लागतात. मिस्टर म्हणायचे, एक नट तर पाहायचा आहे. बाबा म्हणायचे, इतकी वर्षं झाली, काही झालं का?

मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी एक दिवस एकोणीस नंबरचा पाना घेतला आणि पदराखाली धरून बसली. त्या पान्याशिवाय त्यांचं कोणतंच काम होत नाही. मिस्टरांनी मागितला, मी लॉककडं बोट दाखवलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्यांना लाज वाटली. मग लावला. मग पाना दिला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच.

आता येणारे ऑपरेटर मला आरटीओ भाभी म्हणतात. म्हणोत.

*

हा मे महिन्यातला. रामदीन भैया म्हणून एक ऑपरेटर, पन्नाशीचे, गिट्टीच्या खदानीवरून मशीन घेऊन आले होते. रिकामी बकेट भराभर वर जायची. भरली की अर्ध्यात दम तुटायचा. तीन दिवस झाले होते. माझे सगळे प्रश्न विचारून झाले. तेल बरोबर, हात खाली ठेवून पाहिलेलं. फिल्टर नवा. जाळी साफ. मिस्टरांनी दाब दाखवणारं घड्याळ लावून पंपाचा दाब पाहिला, तोपण बरा. मालकाचा रोज फोन येत होता आणि रामदीन भैया रोज त्याला सांगत, "बन जाएगी साहब, भैया लगे हैं."

दुपारचा एक वाजला होता. लाइट गेली होती. टिनाखाली बसवत नव्हतं. रामदीन भैयांनी मशीन अंगणात घेतली, हात पूर्ण वर केले, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात ठेवली आणि बकेटच्या सावलीत गमछा अंथरला. खदानीवर झाड नसतं. तिथं सगळे ऑपरेटर दुपारी असंच करतात. बकेट वर करायची, खाली बसून जेवायचं, जमलं तर एक डुलकी.

मग ते शेडमध्ये आले, चिऊची छोटी पिवळी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गमछ्याजवळ नेऊन ठेवली. "आ जा बिटिया, इधर ठंडा है."

चिऊ जाऊन बसली. पाय हलवून राहिली.

मी फोनवर होती. फोन तसाच ठेवला, गेली, तिला उचललं आणि परत आली. रामदीन भैयांचा चेहरा उतरला. "भाभी, बारह साल से बैठ रहा हूँ इसके नीचे."

बाबा म्हणाले, "अगं, लॉक कामासाठी असतो. सावलीला कोण लावतं?"

मिस्टर म्हणाले, "इंजिन बंद आहे. हात कुठं जातात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसानं मायेनं खुर्ची ठेवली होती. मी आत जाऊन चहा टाकला आणि रामदीन भैयांना हाक मारली, आत या, सगळे सोबत घेऊ. ते नको नको करत होते. मी म्हटलं, "आप नहीं आओगे तो मैं समझूँगी नाराज़ हो." मग आले. गमछा खांद्यावर टाकून आले, खुर्ची तिथंच राहिली. चिऊ तिच्यासाठी हट्ट करून राहिली होती. आणायला मी गेली नाही. खरं सांगते, माझीच हिंमत झाली नाही.

चहा झाला. रामदीन भैया त्यांच्या नातीचं सांगून राहिले होते, चिऊएवढीच आहे, मातीत खेळते, चप्पल घालत नाही. बाबांनी दुसरा कप घेतला.

पापड मोडल्यासारखा आवाज आला. एकदा. मग परत.

आम्ही सगळे बोलतच होतो. चिऊनं बोट दाखवलं. "मेरी कुर्सी."

बकेट जमिनीपासून वीतभर राहिली होती. खालून पिवळे दोन पाय बाहेर निघाले होते. आणि ती अजून खाली येतच होती, इतकी हळू की नुसतं पाहिलं तर उभी वाटावी.

रामदीन भैयांनी खिशातून किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि तिच्याकडं पाहत राहिले.

मिस्टर उठून मशीनजवळ गेले. बाजूला उभं राहून सिलिंडरची दांडी पाहिली. मग हळूच म्हणाले, "पंप चांगला आहे. सिलिंडर उतरवा."

दोन्ही सिलिंडरच्या आतलं रबर झिजून गेलं होतं, तेल आतल्या आत निसटत होतं, म्हणून भरलेली बकेट उचलत नव्हती आणि इंजिन बंद असतानाही हात उतरत होते. रामदीन भैयांनी संध्याकाळपर्यंत चिऊला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

तुमच्या नात्यात, शेजारात कोणी असल्या मशीनवर असेल तर त्याला सांगा. माझं नाव नका सांगू, नुसतं सांगा. वर उचललेल्या हातांखाली लॉक लावल्याशिवाय बसायचं नाही, सावलीलाही नाही. इंजिन बंद असलं तरी. बारा वर्षं झाली असली तरी.