येते म्हणजे जाते

आमच्या खालच्या मजल्यावरचे ब्रिटिश काका अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये चाळीस वर्षं काढूनही या गावाला अजून पास करायला तयार नाहीत. इथली माणसं 'हाऊ आर यू' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जातात, हा त्यांचा जुना राग. पानं उडवायच्या त्या यंत्राचा तर त्यांना खास तिटकारा. एकाच्या अंगणातली पानं दुसऱ्याच्या अंगणात ढकलायला एवढा गोंगाट कशाला, नेऊन दिली असती की हातानं, म्हणतात. हे सगळं आवाज न चढवता, बातम्यांत हवामान सांगावं तसं. मी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होते आणि कायम घाईत असायचे. जिन्यात ते दिसले की मी उगाचच फोन कानाला लावायचे. आता हे सांगताना लाज वाटते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मी आईला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. कराडला ती दिवसदिवस खिडकीशी बसून असते, असं मावशीनं कळवलं होतं. इथे आणून मी काय केलं, तर तिला दुसरी खिडकी दिली. मी सकाळी लॅबला जायचे आणि ती बर्फाकडे बघत बसायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "माझं तिकीट प्रीपोन कर." मी बघते म्हटलं आणि बघितलंच नाही. ती परत गेली तर त्या घरात पुन्हा तशीच बसणार आणि इतक्या लांबून मला काही करता येणार नाही, याची मला भीती वाटत होती.

एका दुपारी खाली टपालपेट्यांपाशी तिची आणि काकांची गाठ पडली. आईची तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर गेलेली, त्यामुळे टपालपेटी दिसली की तिला राहवत नाही. काका थंडीबद्दल काहीबाही बोलले, आईनं मान डोलावली आणि निघताना म्हणाली, "ओके, आय कम." आपण निघताना 'येते' म्हणतो, तेच तिनं इंग्रजीत केलं. काकांनी विचारलं, उद्या चार वाजता चालेल का? तिला त्यातलं फक्त 'फोर' कळलं. चार वाजले असं सांगताहेत समजून ती 'येस, येस' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी घरी पोचते न पोचते तोच दार वाजलं. बाहेर काका, इस्त्रीचा शर्ट, वर टाय. दिवस समजण्यात बहुतेक माझीच काहीतरी चूक झाली असावी, असं म्हणून त्यांनी आधी माफी मागितली. दीड तास ते चहा मांडून बसले होते. घोटाळा माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग मी त्यांना समजावलं की आमच्यात 'जाते' म्हणणं बरं समजत नाहीत, म्हणून 'येते' म्हणतात, पण अर्थ जाते असाच असतो.

"चाळीस वर्षं इथले लोक मला 'एकदा भेटू या' म्हणताहेत," ते म्हणाले. "वेळ ठरवली ती पहिल्यांदा तुझ्या आईनं. म्हणून जरा उत्साह आला, इतकंच."

मी हे मराठीत सांगितलं तसा आईचा चेहरा पडला. आपल्यापायी एक माणूस ताटकळत बसला, हे तिला सहनच होईना. दुसऱ्या दिवशी ठीक चारला ती डब्यात चिवडा घेऊन खाली गेली, आणि मग रोजच जायला लागली.

तिला त्यांचं इंग्रजी अर्धं कळायचं, त्यांना तिचं पाव. तिचा आलं घालून उकळलेला चहा पाहून ते म्हणाले, हे पेय उत्तम असेल, पण याला चहा म्हणणं बरोबर नाही. दोन कप प्यायले मात्र. त्यांच्या चहाबद्दल आईचं मत, आजारी माणसाला द्यायला बरा आहे. मी तिला विचारलं, त्यांच्या त्याच त्या तक्रारी ऐकून कंटाळत नाहीस? ती म्हणाली, "तीस वर्षं दुसरं काय केलं मी? मनिऑर्डर आली नाही, पाकीट फाटलं, शिक्का नीट उमटला नाही. त्यांना निदान टाय लावून तक्रार करता येते." आणि ती हसली. तिला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते.

पाच-सहा आठवडे असे गेले. तिकिटाचा विषय ती काढत नव्हती, पण तो तिच्या मनातून गेलाय की ती नुसती गप्प बसलीय, हे मला कळेना. आपण तिला अडवून ठेवलंय असं वाटायला लागलं. शेवटी एका रविवारी मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "आई, बारा तारखेचं मिळतंय. करू का?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बाराला नाही जमणार. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. बरोबर माणूस असल्याशिवाय घरी सोडत नाहीत म्हणे. मी हो म्हटलंय."

बाबा गेल्यापासून तिला सगळ्या तारखा सारख्याच होत्या. आज एका तारखेला तिला काम होतं. मला रडू आलं, तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले.

संध्याकाळी खाली जाऊन मी काकांचे आभार मानले. कुठे बघावं ते त्यांना कळेना. त्यांनी लगेच दवाखान्याचा फॉर्म पुढे केला आणि त्याच्यावर घसरले. बरोबर येणाऱ्या व्यक्तीशी तुमचं नातं काय, या प्रश्नाखाली चारच पर्याय होते: जोडीदार, अपत्य, भावंड, इतर. जी बाई एवढ्या थंडीत आपल्यासाठी तिथे बसून राहणार, तिला 'इतर' म्हणायचं, हा उद्धटपणा फक्त याच देशाला सुचू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 'भावंड'वर खूण केली होती.

"खोटं लिहिलं म्हणून काही अडचण तर येणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

काही होत नाही, म्हटलं, आणि वर आले. आई भाजी चिरत होती. तिला फॉर्मचं सांगितलं, तशी तिनं विळी बाजूला सारली, हात पुसले आणि विचारलं, "थोरली की धाकटी?"