चौदा नंबरची खुर्ची

११ जून २०१८ रोजी आमच्या संग्रहालयाच्या नव्या डिझाइन दालनासाठी ६,४२,३५० रुपये मंजूर झाले. दालनात मांडायच्या होत्या रोजच्या वापरातल्या वस्तू: किटल्या, इस्त्र्या, दिवे आणि चाळीस खुर्च्या. मी हिशेब विभागात, त्यामुळे मांडणीशी माझा संबंध बिलांपुरता. तो मावशींनी वाढवला.

मावशी एकोणीस वर्षं आमच्या दाराशी स्टुलावर बसून राखण करतात. शिक्षण सातवी, चष्मा दोरीला बांधलेला. कोण कुठे थबकतं आणि कोण कुठून मागे फिरतं, ते त्यांना तोंडपाठ. मांडणीवाल्या बाईंनी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून वाट आखली आणि वस्तूंच्या जागी नावं लिहिलेली खोकी ठेवली. मावशींनी एक फेरी मारली.

"वाट झकास आहे, बाई. पण चाळीस खुर्च्या आणि टेकायला एक नाही? म्हणजे ताट वाढायचं आणि हात बांधायचे."

"बाक ठेवला तर दोन खुर्च्या काढाव्या लागतील, मावशी. संचालक ऐकायचे नाहीत."

संचालक चार वाजता येणार होते. त्यांची सही झाली की सुतार भिंती ठोकणार, मग इंचभर हलायचं नाही.

"तोवर माझी माणसं चालवून बघू?"

"बोलवा," बाई म्हणाल्या.

तीन वाजता मावशींच्या सासूबाई, नणंद आणि नणंदेचे यजमान हजर. मावशींनी माझ्या हातात खडू दिला. "साहेब, जो जिथे थांबेल तिथे फुली मारा. खुणा करायची सवय आहेच तुम्हाला."

मी गुडघ्यांवर बसून फुल्या मारू लागलो. नणंद इस्त्रीपाशी वळायची सोडून सरळ भिंतीवर गेली. बाईंनी धावत जाऊन पट्टी उपटली, नवी चिकटवली. "पुन्हा चाला." या खेपेस तिघेही बरोबर वळले. दिव्यांपाशी फुल्यांची गर्दी झाली, तर बाईंनी तिथली वाट हातभर रुंद केली. सदतीस वर्षांच्या नोकरीत माझा दुपारचा चहा त्या दिवशी पहिल्यांदा राहिला, आणि ते मला घरी गेल्यावर आठवलं.

संचालक पाच मिनिटं आधीच आले. नेमक्या तेव्हा सासूबाई तिसऱ्या फेरीत 'खुर्ची क्र. १४' पाशी पोचल्या आणि बसल्या. खोकं हळूहळू खाली गेलं, त्याच्याबरोबर त्याही. आम्ही चौघांनी त्यांना उठवलं.

"खुर्ची लिहिलंय, म्हणून बसले," त्या म्हणाल्या. "पाय माझे आहेत, तुमच्या संग्रहालयाचे नाहीत."

"खरी चौदा नंबरची कशी आहे?" संचालकांनी विचारलं.

"वेताची," बाई म्हणाल्या. "ऐंशी वर्षांची."

"आणि सासूबाई ब्याऐंशीच्या," मावशी म्हणाल्या.

संचालकांनी नकाशा मागवला. दोन खुर्च्या खोडल्या, त्या जागी बाक काढला आणि सही केली. मग पेन मावशींकडे दिलं. "मांडणी तपासली, असं लिहा आणि खाली सही करा."

मावशींनी चष्मा पुसला आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली. नणंदेने ती तीनदा वाचली.

खडूच्या दोन पेट्या मावशींनी पदरच्या पैशांनी आणल्या होत्या. बिल नसल्यामुळे मला ती रक्कम खर्चात धरता आली नाही. ते चाळीस रुपये मी त्यांना अजून देणं लागतो.