मामीच्या कोंबड्या आणि मामाचा परवाना

माझा मामा सिटी बसमध्ये तिकीट तपासनीस होता. नोकरीपुरता नव्हे, जेवताना, तापाने फणफणलेला असताना, सासऱ्यांच्या अंत्ययात्रेतसुद्धा तो तपासनीसच होता. गल्लीत त्याला 'तिकीट' म्हणत. 'तिकीट आलं' असं कोणी पुटपुटलं की थांब्यावरची माणसं खिसे चाचपायची, आणि हा बिचारा भाजी घ्यायला निघालेला असायचा. मला बारा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी शाळेत जाताना नेमका तोच माझ्या बसमध्ये चढला. माझ्या हातात अर्धं तिकीट. त्याने ते उलटसुलट पाहिलं, 'आजपासून पूर्ण लागतं,' म्हणाला आणि भर बसमध्ये माझ्या नावाने दंडाची पावती फाडली. संध्याकाळी वाढदिवसाचं म्हणून पेन घेऊन घरी आला. आईने पेन घेतलं आणि दार लावून घेतलं. तिला राग कशाचा आला हे त्याला अजून उमगलेलं नाही.

गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातल्या कोणाला ना कोणाला त्याने कधीतरी दंड केलेला. त्यामुळे त्याच्या घराची पायरी कोणी चढत नसे. त्याला त्याचं काही नव्हतं. सोसायला लागायचं ते मामीला. ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची. तिचा कोणाला काडीचा त्रास नव्हता. पण दुकानात ती शिरली की बायकांच्या गप्पा मिटायच्या, आणि ती निमूटपणे आपलं सामान घेऊन बाहेर पडायची.

कारखाना बंद पडला आणि मामी घरी बसली. तेव्हा पलीकडच्या गवंड्याने एक दिवस भिंतीवरून तिच्या हातात एक लंगडी कोंबडी दिली. त्याच्याकडे आठ-दहा कोंबड्या होत्या, एक कोंबडाही होता. "काकू, बाकीच्या हिला टोचून मारतील. तुमच्याकडे जगली तर तुमची," तो म्हणाला. ती जगली. मग मामीने आणखी तीन आणल्या. परसदारी जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खुराडं झालं, त्याला जाळी लागली. दोन माणसांना किती अंडी लागणार? मामी उरलेली वाटू लागली. आधी गवंड्याच्या बायकोला, मग इस्त्रीवाल्याच्या, मग त्या रिक्षावाल्याच्या आईला, जिला मामाने एकदा पावसात बसमधून उतरवलं होतं. अंडं घेतलेलं माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय जाऊ शकत नाही. हळूहळू दुपारी चारच्या सुमाराला मामीच्या परसात बायका टेकू लागल्या. कोणी जुनं स्टूल आणून ठेवलं, ते तिथेच राहिलं.

मामी हसते कशी हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. चांगलं मोठ्याने हसते, कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर आवाज काढायची सवय लागल्यासारखं. मामा निवृत्त होऊन घरीच असायचा. बायका मागून आल्या की हा पुढच्या दाराने बाहेर पडायचा. एकदा मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुझी मामी हल्ली हसते." त्याला ते आवडत होतं. एवढं श्रेय मी त्याला देते.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग पालिकेने पेपरात नियम छापले. घराच्या मागे कोंबड्या पाळायच्या तर परवाना हवा. सहापेक्षा जास्त नकोत, कोंबडा तर अजिबात नको, लगतच्या घरांची लेखी संमती हवी आणि खुराडं शेजारच्या भिंतीपासून दहा फूट लांब हवं. गल्लीत सगळ्यांनी ते वाचलं आणि त्याच पेपरात जोडे गुंडाळून ठेवले. मामाने मात्र चष्मा पुसला आणि अर्ज आणायला गेला.

मामी म्हणाली, "अहो, कोणी काही विचारलंय का आपल्याला?"

"विचारलं की मग धावाधाव करायची का?" मामा म्हणाला.

सह्यांसाठी तो घरोघर फिरला. ज्या दारांत आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता, तिथे जाऊन घसा खाकरायचा. गवंड्याने सही केली आणि म्हणाला, "काका, सही करायला माझी हरकत नाही, पण नसता उपद्व्याप कशाला? पालिका गाढ झोपलीय. तुम्ही तिला चिमटा काढताय."

"तुझ्याकडे कोंबडा आहे. तो चालणार नाही," मामाने त्याला तिथल्या तिथे बजावलं.

"त्याला पेपर वाचता येत नाही, काका."

बाकीच्यांनीही सह्या केल्या. मामीसाठी केल्या, हे मामा सोडून सगळ्यांना कळत होतं. मी त्याला एकदा गाठून विचारलंच की ही उठाठेव कशासाठी. तो म्हणाला, "उद्या मी नसलो आणि कोणी तक्रार केली, तर ती काय दाखवणार? तिच्या हातात कागद हवा. मग कोणाची हिंमत नाही." ऐकून माझा राग निम्मा उतरला. ह्या माणसाला बायकोवर माया करायची एवढी एकच रीत ठाऊक होती. मी विचारलं, "मग दहा फूट भरतंय का, ते मोजलंस?"

"मोजणं निरीक्षकाचं काम आहे," तो म्हणाला. "प्रवाशांनीच आपापली तिकिटं तपासायची, तर आम्ही बसमध्ये काय करत होतो?"

मी कपाळाला हात लावला.

निरीक्षक आला त्या दिवशी मामीने मला बोलावून घेतलं होतं. तिने खुराडं धुऊन काढलं होतं, परस झाडलं होतं, स्वतः इस्त्रीची साडी नेसली होती. निरीक्षक चाळिशीतला, उन्हाने वैतागलेला, पण चांगला माणूस होता. त्याने पाणी मागितलं, कोंबड्यांकडे पाहिलं. "माझ्या आईकडेही होत्या," म्हणाला. सह्या पाहिल्या. मग खिशातून मोजपट्टी काढली. एक टोक मामाला खुराड्यापाशी धरायला दिलं आणि दुसरं घेऊन गवंड्याच्या भिंतीपाशी गेला. आकड्याकडे पाहिलं, परसाकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या मामीकडे पाहिलं.

"दहा," तो म्हणाला. "झालं काम."

मामाने आपलं टोक विटेखाली दाबून ठेवलं आणि चालत त्याच्यापाशी गेला. "बघू."

"काका, मी लिहितो ना दहा."

"लिहाल हो. पण आहे किती?"

निरीक्षक हळू आवाजात म्हणाला, "परसच एवढंसं आहे. सगळ्यांच्या सह्या आहेत, स्वच्छता आहे, कोणाची तक्रार नाही. दहा धरतो मी."

"धरायचं नाही. मोजायचं," मामा म्हणाला. त्याने वाकून आकडा वाचला. "सव्वाआठ."

"अहो," मामी दारातून म्हणाली. एवढंच म्हणाली.

मामाने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा गप्प बसेल. नाही बसला. "सव्वाआठ आहे, तर सव्वाआठच लिहा," तो म्हणाला.

निरीक्षक माझ्याकडे बघू लागला, जणू ह्या माणसाचा अर्थ मी सांगेन. मग त्याने लिहिलं. तो लिहीत असताना भिंतीपलीकडे गवंड्याचा कोंबडा बेंबीच्या देठापासून आरवला. निरीक्षकाने मान वर केली नाही.

अर्ज नामंजूर झाला. नुसता नामंजूर होऊन भागलं असतं तर ठीक, पण आता मामीच्या चार कोंबड्या पालिकेच्या दप्तरात गेल्या होत्या. त्या हलवा, आम्ही पुन्हा येऊन पाहू, असा हुकूम आला. गल्लीतल्या बाकीच्या कोंबड्या कुठल्याच कागदावर नव्हत्या, त्या खुशाल उकिरडे उकरत फिरत होत्या. मामा स्वतः मोजपट्टी घेऊन आला आणि त्याने परसाचा कोपरा न् कोपरा मोजला. खुराडं कुठेही सरकवलं तरी कुठल्या ना कुठल्या भिंतीपासून कमीच भरत होतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मला त्याची दया आली नाही.

तो पेन्शनच्या कामाला गेला असताना मामीने एकेक कोंबडी उचलून भिंतीपलीकडे गवंड्याच्या हातात दिली. मामा परत आला, रिकाम्या खुराड्यापुढे उभा राहिला आणि काही न विचारता आत गेला. पण कोंबड्यांचं जग काही सोपं नसतं. गवंड्याच्या कोंबड्यांनी नव्यांना जवळ येऊ दिलं नाही. टोचून टोचून त्यांच्या माना उघड्या केल्या. लंगडी पहिल्याच आठवड्यात गेली. मामी रोज दुपारी तिकडे जाऊन बसायची, पण ते अंगण दुसऱ्याचं होतं, तिथे चार बायका जमवायच्या तर गवंड्याच्या बायकोला विचारायला हवं. बैठक मोडली. एके दिवशी गवंड्याच्या बायकोने तीन अंडी आणून दिली. मामीच्याच काळ्या कोंबडीची होती ती. देणारीच्या मनात काही वाकडं नव्हतं. मामीने ती घेतली आणि "कशाला गं त्रास घेतलास," म्हणाली. मी तिथेच होते.

गवंड्याची बायको गेल्यावर मी मामाच्या नावाने तोंड सोडलं. जे सुचेल ते बोलले. मामीने मला मध्येच अडवलं.

"नको बोलूस गं त्यांना. त्यांना जमतच नाही. ज्याचा हात मोडलाय त्याला घागर उचल म्हणशील का तू?"

ती जन्मभर त्याच्याशी नांदली ती ह्याच समजुतीवर. माझ्यापाशी, माहेरी, गल्लीत, सगळीकडे तिने त्याची बाजू अशीच घेतली होती.

महिन्याभराने तोच निरीक्षक पुन्हा आला. बरोबर ह्या वेळी त्याचे वरचे साहेब होते, त्यामुळे तो आमच्याकडे बघतही नव्हता. साहेबांनी रिकामं खुराडं पाहिलं.

"कोंबड्या कुठे दिल्या?" त्यांनी मामाला विचारलं. "शहरातच कोणाकडे दिल्या असतील तर त्यांच्याकडे परवाना आहे का, ते पाहावं लागेल."

आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडे काळी ओरडायला लागली. अंडं घातलं की ती सगळ्या गल्लीला सांगते. मामी हातातलं भांडं घट्ट धरून उभी होती. गवंड्याचं सगळं खुराडं आता जाणार, त्याबरोबर ह्या तीन, आणि त्यानंतर ह्या घराशी कोणी बोलणार नाही.

"गावाला पाठवल्या," मामा म्हणाला. "नातेवाइकाकडे. लांब आहे गाव."

त्याने साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आवाजही हलला नाही. साहेबांनी भिंतीकडे एक नजर टाकली, लिहून घेतलं आणि दोघे गेले.

मामाने दार लावलं आणि वळला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घाबरलेला होता, पण खूशही होता. आयुष्यातली पहिली थाप मारली होती त्याने, आणि ती कोणासाठी मारली, हे तिला सांगायला तो आतुर झाला होता. मला हसूच येणार होतं. मी मामीकडे पाहिलं.

ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

"म्हणजे जमतं तुम्हाला," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"त्या दिवशीही मीच उभी होते इथे."

ती भांडं ठेवून मागच्या दाराने निघून गेली.

हल्ली मी मामाला काही बोलले तर मामी मला अडवत नाही. ऐकून घेते, आणि आपलं काम करत राहते.